प्लेफेअर डिस्प्ले इटालिक : एकाच शब्दासाठी घ्यावा असा फॉन्ट

लग्नपत्रिकेवर वधूवरांची इंग्रजी नावं, साडीच्या दुकानाच्या पाटीवरचा एखादा इंग्रजी शब्द, टॉवेलच्या खोक्यावरचं नाव. सोलापुरात डीटीपीच्या टेबलावर ‘जरा रॉयल फॉन्ट टाका’ अशी मागणी येते ती बहुतेक अशाच कामांसाठी. प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टचं इटालिक, म्हणजे तिरकं वळण, या मागणीला चांगलं उतरतं. त्याचा सगळा थाट बारीक रेघांत आहे आणि काम बिघडतं तेही त्या रेघांमुळेच. कागद असो, ॲक्रिलिक असो, फ्लेक्स असो की सूत, त्यावर ती रेघ टिकणार का एवढं आधी मोजून घेतलं, तर हा फॉन्ट दगा देत नाही.

आधी त्याचं रूप. डेन्मार्कच्या क्लाउस एगर्स सोरेनसन या अक्षरकाराचा हा फॉन्ट २०११ मध्ये गूगल फॉन्ट्सवर आला. अठराव्या शतकातल्या जॉन बास्करव्हिलच्या अक्षरांचा आणि नंतरच्या ‘स्कॉच रोमन’ घराण्याचा त्यावर प्रभाव आहे, पण कुठल्या एका जुन्या ठशाची ती नक्कल नव्हे. बास्करव्हिल हा बर्मिंगहॅमचा. सुलेखन शिकवायचा, दगडावर अक्षरं कोरायचा. १७५७ साली त्याने व्हर्जिलचं काव्य छापलं, तेव्हा अक्षरांबरोबर कागदही गुळगुळीत निवडला, शाई जास्त काळी केली आणि छापलेले ताव गरम तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून घेतले. बारीक रेघेचं अक्षर काढणाऱ्याने ती रेघ झेलणारा कागदही स्वतःच तयार करून घेतला होता. आज अक्षर एका ठिकाणी बनतं, डिझाइन दुसरीकडे होतं आणि छपाई तिसरीकडे. त्यामुळे रेघेची काळजी घ्यायची कोणी, हे मधल्यामध्ये राहून जातं.

‘सोलापूर’ हा शब्द इंग्रजीत, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून, या इटालिकमध्ये मोठा करून बघा. कॅपिटल एस मध्ये जाड होतो आणि वरखाली केसाइतका बारीक होत वळतो. त्यापुढचा ओ किंचित कललेला, त्याची जाडी दोन्ही कुशींना आणि डोक्याला-पायाला नुसती रेघ. एल उंच जातो, कॅपिटल एसपेक्षाही थोडा वर, कारण या फॉन्टात कॅपिटल मुद्दाम बुटके ठेवलेत. नाव लिहिताना पहिलं अक्षर अंगावर येत नाही, शब्द एकसंध दिसतो, त्याचं कारण हे. स्मॉल ए एकमजली आहे, पाटीवर हाताने लिहितात तसा. पीचा पाय आखूड, त्यामुळे खाली मराठी ओळ जवळ घेता येते. शेवटच्या आरच्या टोकाला थेंबासारखा गोळा आहे आणि शब्द तिथे थांबल्यासारखा वाटतो. स्मॉल अक्षरांचं पोट मोठं असल्याने शब्द दुरूनही भरीव दिसतो. अँपरसँड, म्हणजे & हे चिन्ह, तर खास आहे. दोन नावांच्या मध्ये तो एकटा दागिन्याचं काम करतो, मग शेजारी वेगळी वेलबुट्टी लागत नाही.

हे सगळं खऱ्या इटालिकचं वर्णन झालं. पुष्कळदा फक्त रेग्युलरची, म्हणजे सरळ अक्षरांची, फाइल इन्स्टॉल केलेली असते आणि आयचं बटण दाबलं जातं. मग सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच तिरकं ढकलतं. ओळखायचं कसं? स्मॉल ए बघा. त्याच्या डोक्यावर छप्पर असेल, म्हणजे तो दोनमजली असेल, तर ते नुसतं तिरकं केलेलं रेग्युलर आहे. खऱ्या इटालिकमध्ये ए एकमजलीच असतो. गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये बदलत्या वजनाच्या, म्हणजे अक्षराची जाडी कमीजास्त करता येईल अशा, फाइली असतात आणि ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये एकेक वजनाच्या स्वतंत्र फाइली असतात. कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असेल तर स्टॅटिकमधली इटालिकचीच फाइल घ्यावी.

कटिंगच्या कामात स्टॅटिक फाइल घेण्याचं आणखी एक कारण आहे. बदलत्या वजनाच्या फॉन्टात एकाच अक्षराचे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असू शकतात. पडद्यावर ते दिसत नाही. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून, विनाइल कटरला किंवा लेझरला फाइल दिली की पातं त्या आतल्या रेघांवरूनही फिरतं आणि अक्षर सांध्यावर कापलं जातं. म्हणून कर्व्ह केल्यावर सगळं निवडून एकदा वेल्ड करायचं, म्हणजे तुकडे जोडून एक करायचे, मग नुसत्या कडा दाखवणाऱ्या वायरफ्रेममध्ये बघून आत रेघ उरली नाही याची खात्री करायची. दोन मिनिटं लागतात, शीट वाचते.

आता बारीक रेघेची मोजणी. शब्द १०० पॉइंटला टाइप करा, कर्व्ह करा, भरपूर झूम करून सर्वात बारीक जागा मिलिमीटरमध्ये मोजा. ही जागा ओच्या किंवा एनच्या माथ्यावर सापडते. समजा ०.७ मिमी आली. आता तुमच्या माध्यमाला किमान किती जाडी लागते ते घ्या, त्याला ०.७ ने भागा आणि १०० ने गुणा. येईल तो आकडा म्हणजे तुमचा सर्वात लहान पॉइंट. वजन बदललं, फॉन्ट बदलला की मोजणी पुन्हा करायची.

सोनेरी शाईने स्क्रीन प्रिंटिंग करायचं असेल तर ०.३ मिमीच्या खाली जाऊ नये, कारण त्या शाईचे कण जाड असतात आणि जाळीतून बारीक रेघ तुटक उतरते. ०.३ भागिले ०.७, म्हणजे ४३ पॉइंट. पत्रिकेवरची नावं ४३-४८ पॉइंटला छान बसतात, त्यामुळे तिथे हा फॉन्ट निर्धास्त वापरावा. त्याच पत्रिकेवर ‘रिसेप्शन ॲट’ वगैरे ओळी १४ पॉइंटला याच इटालिकमध्ये टाकल्या तर मात्र रेघ ०.१ मिमीपर्यंत येते. ऑफसेटवर काळ्या शाईत गुळगुळीत कागदावर ती निघेल. गडद रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सोडली असतील तर निघणार नाही, शाई पसरून भरून जाईल. पार्श्वभूमीचा रंग चार शायांनी बनवलेला असेल तर रजिस्ट्रेशन, म्हणजे शायांचं एकमेकींवर नेमकं बसणं, केसभर हललं तरी रेघ रंगीत होते. अशा वेळी पार्श्वभूमी एकाच शाईची ठेवावी. फॉइलचं काम असेल आणि कागद खरखरीत असेल तर रेघ पकडच घेत नाही, मध्येमध्ये कागद दिसतो.

पाटीची गोष्ट थोडी सविस्तर घेऊ, कारण पैसा तिथे जास्त अडकतो.

पाटी किती लांबून वाचली जाते ते आधी ठरवा. नीट दृष्टी असलेल्या डोळ्याला एक मिनिट कोनाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा कळतो. हिशोब केला तर ५ मीटरवर दीड मिमी आणि १० मीटरवर जवळजवळ ३ मिमी. त्याहून बारीक रेघ अंधुक जाणवली तरी अक्षर वाचायला तिचा उपयोग होत नाही. एनचे दोन खांब दिसतात, त्यांना जोडणारी कमान दिसत नाही. १० मीटरवरून वाचायच्या पाटीला ३ मिमी रेघ हवी, म्हणजे वरच्या मोजणीने ४३० पॉइंट, म्हणजे कॅपिटलची उंची साधारण ११ सेंमी. दुकानाच्या पाटीला हे अवघड नाही. चाटी गल्लीसारख्या अरुंद बाजारात तर बघणारा पाच-सात मीटरवरच उभा असतो.

पण अरुंद गल्लीत वेगळी अडचण येते. तिथे पाटी समोरून कोणी वाचत नाही, खालून मान वर करून वाचतं. खालून बघताना उंची दबलेली दिसते, रुंदी तशीच राहते. त्यामुळे अक्षराचा कल आहे त्याहून जास्त भासतो आणि आडव्या बारीक रेघा सर्वात आधी नाहीशा होतात. या फॉन्टात बारीक रेघा नेमक्या अक्षराच्या माथ्यावर आणि तळाशी आहेत. म्हणून वर लावायच्या पाटीला हिशोबाने आलेल्या आकारापेक्षा दीडपट मोठं अक्षर घ्यावं, किंवा पाटीचा वरचा काठ थोडा पुढे झुकवून बसवावा.

‘मग बोल्ड घ्या, रेघ जाड होईल’ हा हमखास मिळणारा सल्ला या फॉन्टला लागू पडत नाही. बोल्ड किंवा ब्लॅक वजन घेतलं की जाड रेघ फुगते, बारीक रेघ त्या मानाने वाढत नाही. उलट दोन्हींतला फरक वाढतो आणि बारीक जागा आणखी नाजूक वाटते. ब्लॅक इटालिक मासिकाच्या मुखपृष्ठावर किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत फार देखणं दिसतं, पण मजबुतीसाठी ते घेऊ नये. मजबुती हवी असेल तर दोन उपाय आहेत. एक, कर्व्ह केलेल्या अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन द्यायची आणि ती ऑब्जेक्टमध्ये बदलून वेल्ड करायची. अर्धा मिमीची आउटलाइन दिली की रेघ दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा मिमी जाड होते. जास्त दिली तर ईचं आणि एचं पोट भरतं, गोळे शेजारच्या रेघेला चिकटतात. दुसरा उपाय जास्त चांगला आहे. याच अक्षरकाराने २०२३ मध्ये नुसत्या ‘प्लेफेअर’ नावाने नवी आवृत्ती दिली. तिच्यात आकारानुसार रूप बदलणारा अक्ष आहे, ५ पासून १२०० पर्यंत. आकडा खाली आणला की रेघा दणकट होतात, अक्षरं थोडी सैल बसतात. वर नेला की रेघा केसासारख्या होतात. लहान छपाईसाठी केलेली ही सोय पाटीलाही उपयोगी पडते. ॲक्रिलिक कापायचं असेल तर अक्षर मोठं असलं तरी अक्षाचा आकडा खालचा ठेवा. वळण तेच राहतं, रेघ लेझर झेलते.

ॲक्रिलिकचा साधा नियम असा की शीट जितकी जाड, तितकी तरी रेघ रुंद हवी. ३ मिमी शीटला ३ मिमीच्या खालची रेघ कापताना टिकली तरी बसवताना तुटते. सोलापूरच्या उन्हात आणखी एक ताण येतो. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर एक मीटर ॲक्रिलिक साधारण २ मिमी वाढतं. अख्खा शब्द एका तुकड्यात कापून दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट आवळला की हा ताण सर्वात अशक्त जागी जातो, म्हणजे दोन अक्षरांना जोडणाऱ्या बारीक रेघेवर. मे महिन्यात तडा जातो तो तिथेच. शब्द एका तुकड्यात हवाच असेल तर एका टोकाचं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवावं. नाहीतर अक्षरं सुटी कापून मागे पारदर्शक पट्टीवर चिकटवावीत.

आतून दिवे लावलेली थ्रीडी अक्षरं या फॉन्टात करूच नयेत. एलईडी मॉड्यूलच १२ ते १५ मिमी रुंद असतं. दोन्ही भिंती धरून पोकळी २५ मिमी तरी लागते, तेव्हा कडा सारख्या उजळतात. २५ मिमीची बारीक रेघ हवी तर आपल्या मोजणीने कॅपिटलची उंची जवळजवळ ९० सेंमी येते. तीन फुटी पाटी एकट्या कॅपिटलनेच भरून जाईल. लहान आकारात केलं की रात्री फक्त जाड खांब उजळतात, जोडरेघा अंधारात राहतात आणि नाव तुकड्यातुकड्यांत दिसतं. दिवे हवेत तर मागून सारखा उजेड देणारा चौकोनी डबा घ्यावा आणि पुढच्या शीटवर छापलेलं अक्षर लावावं. सुटं विनाइल कापून चिकटवण्यापेक्षा छापून वर लॅमिनेशन केलेलं बरं. दोन मिमीच्या विनाइल पट्टीची कडा धुळीने आणि उन्हाने उचलली जाते.

गड्ड्याच्या यात्रेच्या काळातले स्वागताचे फलक, मिरवणुकीचे बॅनर, चालत्या गाडीतून वाचायचे बोर्ड, यांना हा फॉन्ट नको. तिथे वाचणारा हलत असतो आणि गर्दी अर्धी पाटी झाकते.

आता मराठी ओळीचं बघू. प्लेफेअरमध्ये देवनागरी नाही. इंग्रजी शब्द इटालिकमध्ये टाकला की ग्राहक हमखास म्हणतो, ‘मराठीपण तसंच तिरकं करा.’ इथे ठाम नाही म्हणावं आणि का ते दाखवून द्यावं.

‘सोलापूर’ देवनागरीत टाइप करून १२ अंश तिरकं केलं तर काय होतं? शिरोरेषा आडवीच राहते, फक्त उजवीकडे सरकते. तळरेषेपासून १०० मिमी उंचीवर असलेली ‘सो’ची मात्रा २१ मिमी उजवीकडे जाते आणि ‘ला’च्या डोक्यावर येऊ बघते. तळाखाली २५ मिमीवर असलेला ‘पू’चा ऊकार ५ मिमी डावीकडे जातो. ‘आनंद’मधला अनुस्वार ‘न’वरून निसटून ‘द’कडे झुकतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या उजव्या हद्दीबाहेर जातो. देवनागरीत वर आणि खाली चिन्हं टांगलेली असतात, रोमनमध्ये तशी नसतात. एकाच ढकलण्याने वरची चिन्हं एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला पळतात.

रेघेची जाडीही बिघडते. १२ अंशांच्या ढकलण्यात, खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी ४५ अंशांतली रेघ साधारण दहा टक्के बारीक होते आणि उलट दिशेची तेवढीच, किंवा किंचित जास्त, जाड होते. ‘व’चं पोट एका कर्णात चेपल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. देवनागरी लिहायच्या बोरूचा छाट रोमन लेखणीच्या उलट असतो, त्यामुळे दोन लिप्यांत जाड-बारीक वेगवेगळ्या जागी पडतं. रोमनला शोभणारा कल देवनागरीवर तसाच चढवला की अक्षरकाराने जुळवलेला तोल मोडतो. आपल्या लिपीत इटालिकची परंपरा नाही यात काही उणेपण नाही. ठळकपणा आणि आकार ही आपली जोर द्यायची साधनं आहेत, ती पुरेशी आहेत. टिरो टाइपवर्क्सच्या टिरो देवनागरी मराठीला तिरका साथीदार आहे, पण तो पुस्तकातल्या मजकुरासाठी चांगला, पाटीचा नाट्यमय शब्द त्याच्याकडून मागू नये.

सोबतीला सरळ उभं देवनागरी घ्या, पण ज्यात जाड-बारीक फरक तसाच ठसठशीत आहे असं. इंडियन टाइप फाउंड्रीचं रोझा वन हे यासाठी पहिली पसंती. खांब भरगच्च, जोडरेघा बारीक, त्यामुळे प्लेफेअरच्या इटालिकशेजारी ते एकाच घरातलं वाटतं. वजन एकच मिळतं आणि त्याच्याही बारीक रेघेची वरचीच मोजणी करावी लागते. माध्यम ती रेघ झेलणार नसेल तर एक टाइपच्या मुक्ताचं बोल्ड घ्यावं. त्यात थाट कमी आहे, पण फ्लेक्सपासून भरतकामापर्यंत ते कुठेही तुटत नाही.

युनिकोड फॉन्ट घेतला की ‘ल’ आणि ‘श’ तपासा. अनेक फॉन्टांत मुळात हिंदी वळणाचे ल आणि श येतात. मराठी रूप आत दडलेलं असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केल्यावर बाहेर येतं. ‘सोलापूर’ आणि ‘शेंगा’ हे दोन शब्द टाइप करून बघितले की लगेच कळतं. पाटीवर सोलापूरचं नाव हिंदी वळणाच्या ल ने लिहिलेलं डोळ्याला खुपतं. ॲडोबच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षरानंतर येते, जोडाक्षरं सुटतात. पेजमेकर युनिकोड घेतच नाही. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांवर काम चालू असेल आणि ग्राहकाने मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला असेल, तर रूपांतर केल्यावर ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’, ‘श्री’, ‘ज्ञ’ हे चार नमुने डोळ्यांनी वाचावेत. चुका तिथेच सापडतात.

दुकानाच्या पाटीला कायद्याची बाजूही आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. डिझाइनच्या दृष्टीनेही हे सोयीचंच आहे. वर रोझा वनमध्ये मराठी नाव मोठं, खाली इटालिकमध्ये एकच इंग्रजी शब्द. १२ बाय ३ फुटांच्या पाटीवर शिरोरेषेपासून तळापर्यंत ३० सेंमी मराठी आणि कॅपिटल २० ते २२ सेंमीचा इंग्रजी शब्द, हे प्रमाण चांगलं दिसतं. मराठी ओळीत ऊकार असेल तर दोन ओळींतली जागा तो धरून ठरवा. ‘पू’चा ऊकार खाली येऊन इटालिकच्या एलवर आदळला की दोन्ही ओळी घुसमटतात. शहराच्या पूर्व भागात तेलुगू किंवा कन्नड ओळही घ्यावी लागते. त्या लिप्यांनाही तिरकं करू नका. त्यांच्या गोलाईत तिरकेपणा मावत नाही.

पत्रिकेत ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ सरळ मराठीतच ठेवा, इटालिक फक्त दोन नावांना आणि मधल्या अँपरसँडला. अँपरसँड नावांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठा आणि फिकट रंगात घेतला तर नावं पुढे येतात. वैष्णवी, यश, तन्वी अशी नावं इंग्रजीत लिहिताना व्ही, वाय किंवा टी या कॅपिटलनंतर स्मॉल ए येतो. या जोड्यांत मध्ये मोठी फट पडू शकते. फॉन्टात कर्निंग, म्हणजे अक्षरांच्या जोडीतलं अंतर जुळवण्याची सोय, आहे, पण सॉफ्टवेअरने ते लावलं नसेल तर हाताने जवळ घ्यावं लागतं. अक्षरांतलं अंतर मुद्दाम वाढवू नका. इटालिकच्या बारीक जोडरेघा पुढच्या अक्षराकडे झेपावतात, अंतर वाढलं की त्या अधांतरी लटकतात. सगळं नाव कॅपिटलमध्ये टाकलं तर या फॉन्टची ओळखच जाते, कारण त्याची गंमत स्मॉल अक्षरांत आहे. इटालिक शब्दापाठोपाठ सरळ अक्षर किंवा कंस येत असेल तर मध्ये बारीकशी जागा सोडा, नाहीतर एफ किंवा डीचं डोकं त्यावर टेकतं.

आकड्यांबाबत सावध राहा. यातले इंग्रजी आकडे मूळ स्वरूपात खालीवर नाचणारे आहेत, काही तळाखाली उतरतात. वाक्यात ते सुंदर दिसतात, पण फोन नंबरात आणि तारखेत विस्कळीत वाटतात. ओपनटाइपच्या पर्यायांत जाऊन एका उंचीचे, लायनिंग आकडे निवडा. खरं तर फोन नंबर आणि पत्ता या फॉन्टात टाकूच नये.

सोलापुरी टॉवेलवर नाव विणून हवं असेल तर हिशोब कडक होतो. समजा एका सेंमीत १० लूप बसतात, म्हणजे एक लूप १ मिमीचा. एका लूपची रेघ विणली जाते, पण पहिल्या धुण्यात लूप आडवे पडले की शेजारच्या लूपांत हरवते. तीन लूप तरी हवेत, म्हणजे ३ मिमी, म्हणजे पुन्हा ११ सेंमीचं कॅपिटल. शिवाय कललेली रेघ लूपांत पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि कल जितका कमी तितक्या पायऱ्या लांब दिसतात. अख्ख्या टॉवेलभर एक मोठा शब्द असेल तरच विणावं. भरतकामात साटिन टाका १ मिमीच्या खाली नीट बसत नाही, म्हणून कॅपिटल साडेतीन सेंमीपेक्षा लहान घेऊ नये. चादरीच्या छापील लेबलवर किंवा खोक्यावर मात्र हे इटालिक उत्तम. चादरीच्या भौमितिक, कोनदार नक्षीशेजारी हे वळणदार अक्षर उठून दिसतं, विशेषतः एकाच गडद रंगात पांढऱ्या कागदावर.

पर्याय थोडक्यात. कॉर्मोरंटचं इटालिक जास्त तलम आहे, पण स्मॉल अक्षरं बुटकी आणि रेघा आणखी बारीक, त्यामुळे ते पत्रिकेपुरतंच. बोदोनी मोडाचं इटालिक जास्त ताठ आणि शहरी, अत्तराच्या किंवा दागिन्यांच्या डब्यावर शोभतं. डीएम सेरिफ डिस्प्लेला सरळ आणि इटालिक अशी दोनच रूपं आहेत, भरीव आहेत, लहान पाटीला चालतात. तरीही नाव लिहायचं असेल तर प्लेफेअरच घ्यावा. बुटके कॅपिटल आणि भरलेली स्मॉल अक्षरं यांचं असं जुळणं बाकीच्यांत नाही.

फॉन्ट मोफत आहे, ओपन फॉन्ट लायसन्सखाली. धंद्याच्या कामात, पाटीवर, पॅकिंगवर, वेबसाइटवर वापरायला हरकत नाही, फक्त फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही. छपाईला देताना कर्व्ह केलेली फाइल द्या आणि टाइप केलेली प्रत आपल्याकडे ठेवा. ग्राहक नावातलं एक अक्षर बदलायला परत येतोच.

आणि पाटी असेल तर पडद्यावरचा प्रूफ मंजूर करून घेऊ नका. शब्दातली सर्वात बारीक दोन अक्षरं खऱ्या आकारात कागदावर छापा, दुकानावर पाटी लागेल त्याच उंचीवर चिकटवा आणि ग्राहकाला दिवेलागणीच्या वेळी रस्त्याच्या पलीकडे उभं करून वाचायला सांगा. त्याला कमान दिसली नाही, तर अक्षर मोठं करायचं किंवा अक्षाचा आकडा खाली आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा चिकटवून बघायचं.